बदकांच्या घरातील गादी

प्रस्तावना

घराच्या परसात आठ-दहा बदके पाळण्याची रीत भारतातील पाणथळ प्रदेशांत फार जुनी आहे. आसाम, पश्चिम बंगाल, ओडिशा, केरळ या राज्यांत तळे, भातखाचर आणि बदके एकमेकांच्या आधाराने नांदतात. बदक हा काटक पक्षी आहे. कोंबडीच्या मानाने ते रोगांना कमी बळी पडते. खाचरातील गोगलगायी, किडे, अळ्या आणि कापणीच्या वेळी सांडलेले दाणे टिपून ते पोटाचा बराचसा प्रश्न स्वतःच सोडवते. खाकी कँपबेल जातीची मादी उत्तम निगा राखल्यास वर्षाला २५०हून अधिक अंडी देते. म्हणून बदकपालन हा बिनकष्टाचा जोडधंदा आहे, असे म्हटले जाते.

हे म्हणणे दिवसापुरते खरे आहे. सूर्य मावळला, बदके घरी परतली, की कष्टांना आरंभ होतो. रात्रभर बदके ज्या जमिनीवर बसतात ती सकाळी ओली, चिकट आणि दुर्गंधीयुक्त झालेली असते. ती रोज खरवडून काढण्याचे काम बहुतेक घरांत गृहिणीच्या वाट्याला येते, आणि त्या श्रमांचा हिशेब कोणत्याही वहीत लिहिला जात नाही. खाद्य महागले म्हणून बदके विकणारी कुटुंबे असतात. परंतु पावसाळ्यात खुराड्याचा वास सोसवेना म्हणून विकणारीही असतात. हे श्रम कमी करता येतात. त्यासाठी जमिनीवर काय अंथरावे, ते किती जाड असावे आणि त्याला पाण्यापासून कसे वाचवावे, हे समजून घ्यावे लागते.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला बदकांच्या घरातील गादी कोंबड्यांच्या गादीहून वेगळी का असते हे सांगता येईल. आपल्या परिसरात मिळणाऱ्या साहित्यातून योग्य साहित्य निवडता येईल. गादीतील ओल हाताने पारखता येईल. आणि या विषयाशी संबंधित मराठी शब्दांतील अर्थभेद स्पष्ट करता येईल.

‘गादी’ हा शब्द

मराठीत गादी या शब्दाला अनेक अर्थ आहेत. झोपण्याची गादी, दुकानदाराची गादी, राजाची किंवा मठाधिपतीची गादी. पक्षिपालनात मात्र हा शब्द वेगळ्याच अर्थाने रूढ झाला आहे. जमिनीवर भाताचे तूस, लाकडाचा भुसा यांसारखे कोरडे साहित्य जाड थरात पसरून त्यावर पक्षी ठेवण्याच्या पद्धतीला ‘गादी पद्धत’ म्हणतात. विष्ठा या थरात मिसळते, ओल शोषली जाते, आणि जिवाणूंच्या क्रियेने खालचा थर हळूहळू कुजून खत बनतो. पालकाने रोज सर्व काही बाहेर काढायचे नसते. वरून नवे कोरडे साहित्य घालत राहायचे आणि काही महिन्यांनी एकदाच सगळा थर उचलायचा, अशी ही रीत आहे.

कोंबडी उकरते, बदक तुडवते

गादी पद्धतीची माहिती देणारी बहुतेक पुस्तके कोंबड्यांसाठी लिहिलेली असतात. त्यांतील नियम बदकांना जसेच्या तसे लागू केले की फसगत होते. याचे कारण दोन्ही पक्ष्यांच्या पायांत आहे.

कोंबडीचे पाय नखांचे. ती दिवसभर जमीन उकरत असते. तिच्या या सवयीमुळे गादी आपोआप खालीवर होते, तीत हवा खेळते, ओल सुकते. पालकाचे अर्धे काम कोंबडीच करते. बदकाचे पाय पडद्याचे व चपटे. ते उकरत नाही, तुडवते. दहा बदके एका रात्रीत मऊ गादीचा वरचा थर दाबून घट्ट करतात. त्या घट्ट थराखाली हवा पोहोचत नाही आणि वर पडलेली विष्ठा वरच राहते. शिवाय बदक दांडीवर बसत नाही. कोंबडी रात्री दांडीवर चढून आपल्या घाणीपासून दूर राहते. बदक मात्र छाती टेकून त्याच गादीवर झोपते. गादी ओली असेल तर छातीची पिसे मळतात, त्यांवरचा तेलकट थर बिघडतो आणि पाण्यात कोरडे राहण्याची त्यांची शक्ती कमी होते. पावलांना फोड व जखमा होतात. बदक लंगडू लागले, की पालक काटा शोधतो. दोष पुष्कळदा खालच्या ओल्या जमिनीत असतो.

अंड्यांचाही प्रश्न आहे. बदकांची बहुतेक सर्व अंडी सकाळी नऊच्या आत घातली जातात. त्यामुळे जाणते पालक बदकांना तोपर्यंत बाहेर सोडत नाहीत. अन्यथा अंडी तळ्याकाठी किंवा थेट पाण्यात पडतात. याचा अर्थ असा की संध्याकाळपासून सकाळी नऊपर्यंत, म्हणजे सुमारे चौदा तास, बदके त्या गादीवर असतात आणि अंडीही तेथेच पडतात. मळलेले अंडे बाजारात कमी किमतीला जाते आणि लवकर नासते.

पाण्याचा हिशेब

गादी ओली का होते, याचे उत्तर सर्वांना ठाऊक आहे असे वाटते. पण हिशेब मांडला म्हणजे निराळीच गोष्ट दिसते.

एक प्रौढ बदक दिवसरात्र मिळून साधारण १२५ ते १५० ग्रॅम विष्ठा टाकते, आणि तिच्यात सुमारे ९० टक्के पाणी असते. समजा, एका घरी दहा बदके आहेत. त्यांची रोजची विष्ठा सव्वा ते दीड किलो होईल. त्यातील निम्मी रात्री खुराड्यात पडते असे धरले, तर गादीला एका रात्रीत सुमारे ६०० मिलिलिटर पाणी शोषावे लागते. महिन्याला हे पाणी अठरा लिटरांच्या आसपास जाते. हे थोडे नाही. परंतु पुरेशी जाड आणि हवेशीर गादी ते सहन करू शकते, कारण त्यातले बरेच पाणी रोज वाफ होऊन उडून जाते.

आता त्याच खुराड्यात दहा लिटरची पाण्याची बादली ठेवली आहे असे समजा. बदक नुसते पाणी पीत नाही. ते त्यात चोच बुडवते, डोके बुडवते, नाकपुड्या धुते, पाणी अंगावर उडवते आणि जमल्यास भांड्यातच बसते. सकाळपर्यंत बादली रिकामी होते. पंधरा दिवसांच्या विष्ठेतून जेवढे पाणी गादीत जाते, त्याहून अधिक पाणी एका रात्रीत गेलेले असते. मग कितीही महाग साहित्य अंथरले तरी ते टिकत नाही आणि दोष मात्र तुसाला दिला जातो.

म्हणून गादीच्या निवडीची पहिली पायरी पाणी बाहेर नेणे ही आहे. पाणी बाहेर गेले की खाद्यही बाहेर गेले पाहिजे, कारण बदकाला कोरडे खाद्य पाण्यावाचून गिळता येत नाही. पाण्याशिवाय खाद्य ठेवणे धोक्याचे असते. संध्याकाळी अंगणातच भिजवलेले खाद्य व भरपूर पाणी द्यावे. प्रौढ बदकांचे डोके बुडेल, म्हणजे साडेबारा ते पंधरा सेंटीमीटर, एवढी भांड्याची खोली असावी. जवळ तळे नसल्यास अंगणाच्या टोकाला ५० सेंटीमीटर रुंद व १५ ते २० सेंटीमीटर खोल असा पाण्याचा चर केला तरी बदकांचे भागते. हा चर खुराड्यापासून दूर असावा आणि मधल्या वाटेवर खडीचा किंवा जाड वाळूचा पट्टा असावा, म्हणजे पाय व पिसे निथळूनच बदके आत येतात.

उन्हाळ्यात उकाड्याच्या रात्री पाणी आत ठेवणे भाग पडते. अशा वेळी दाराजवळच्या कोपऱ्यात वीतभर खोल खड्डा करून त्यात खडी भरावी, वर लाकडी चौकटीवर तारेची जाळी बसवावी आणि भांडे त्या जाळीवर ठेवावे. सांडलेले पाणी खडीत उतरते. खड्ड्याचा उतार भिंतीबाहेर काढला तर उत्तमच.

पावसाचे पाणी हा दुसरा शत्रू. खुराड्याचा चौथरा आसपासच्या जमिनीहून फूट-दीड फूट उंच असावा आणि त्यावर मुरूम चोपून बसवलेला असावा. कोबा केल्यास साफसफाई सोपी जाते व घुशी खालून उकरत नाहीत. छपराची वळचण लांब असावी, म्हणजे पागोळ्यांचे पाणी आणि पावसाची झड आत येत नाही. भिंती दोन फुटांपर्यंत भरीव आणि त्यावर जाळीच्या असाव्यात. वरून हवा खेळती राहिली पाहिजे. मुंगूस, रानमांजर आणि कोल्हा यांना मात्र वाट मिळता कामा नये.

पाठगत प्रश्न – १

१. कोंबड्यांची गादी कोरडी राहण्यास कोंबडीची कोणती सवय मदत करते?
२. बदकांना सकाळी नऊच्या आधी बाहेर का सोडू नये?
३. खुराड्यात पाण्याचे भांडे नसेल तर तेथे खाद्यही का ठेवू नये?

साहित्याची निवड

जे साहित्य ओल शोषते पण लगेच चिकटत नाही, पायाखाली दबले तरी हलवल्यावर पुन्हा मोकळे होते, बुरशी धरत नाही, धूळ उडवत नाही, बदकाने चोचीत घेतले तरी अपाय करत नाही आणि जवळपास कमी दरात मिळते, ते चांगले. हे सारे गुण एकाच वस्तूत सापडत नाहीत. त्यामुळे निवड म्हणजे गुणदोषांचा तोल सांभाळणे होय.

*भाताचे तूस* हे भारतातील भातपिकाच्या प्रदेशांत सहज मिळणारे साहित्य आहे. कोकण असो, भंडारा-गोंदिया असो, की बंगाल-ओडिशाचा किनारा, गावाजवळ भातगिरणी असतेच. तुसात सिलिका मोठ्या प्रमाणात असते. त्यामुळे ते लवकर कुजत नाही, दाताळ्याने हलवले की मोकळे होते आणि महिनोन्‌महिने टिकते. परसातील बदकांसाठी हा त्याचा सर्वांत मोठा गुण. उणेपणा असा की ते स्वतः फारसे पाणी शोषत नाही. पाणी त्याच्या फटींतून खाली उतरते. म्हणून तूस पातळ पसरून उपयोग नाही, थर जाडच हवा.

येथे एका शब्दाविषयी सावध राहिले पाहिजे. भाताचे वरचे टणक आवरण म्हणजे तूस. तांदूळ सडताना निघणारी मऊ पूड म्हणजे कोंडा. ‘कोंड्याचा मांडा करणे’ ही म्हण कोंडा खाण्याजोगा असल्यामुळेच पडली. गिरणीवाल्याकडे नुसता ‘भुसा’ मागितला तर दोहोंपैकी काहीही पदरात पडू शकते. कोंडा अंथरला तर तो ओल लागताच आंबतो, बुरशी धरतो आणि उंदरांना आमंत्रण देतो. कोंडा बदकाच्या भांड्यात घालावा, तूस त्याच्या पायाखाली.

*लाकडाची सालपटे*, म्हणजे सुताराने रंधा मारताना निघणारे पातळ वळसे, ही गुणांनी तुसाहून सरस आहेत. ती ओल शोषतात, मऊ असतात आणि फारशी धूळ करत नाहीत. अडचण ती पुरेशी मिळण्याची. करवतीखालचा बारीक भुसा त्यांच्या जागी चालेल असे वाटते; पण तो लवकर चिखलासारखा घट्ट बसतो, कोरडा असताना नाकातोंडात जातो आणि लहान पिल्ले तो अन्न समजून गिळतात. प्रौढ बदकांसाठी तो तुसात मिसळून वापरता येतो: तूस दोन भाग, भुसा एक भाग. तूस हवा खेळती ठेवते, भुसा ओल धरतो. प्लायवूडचा किंवा वाळवी लागू नये म्हणून औषध लावलेल्या लाकडाचा भुसा मात्र कधीही आणू नये.

*पेंढा* बदकांना सर्वाधिक आवडतो, असे त्यांच्याकडे पाहून वाटते. काही भागांत यालाच तणस म्हणतात. पेंढा ऊब देतो आणि अंडे स्वच्छ ठेवतो. परंतु अख्खा पेंढा बदकांच्या पायाखाली दोन-तीन दिवसांत चटईसारखा विणला जातो. वरून तो ठीक दिसतो. खाली काळा, बुळबुळीत थर साचतो. पेंढा वापरायचा तर दोन-तीन इंचांचे तुकडे करूनच वापरावा. उडवीच्या तळाशी राहिलेला काळपट पेंढा फुकट मिळतो म्हणून घेण्याचा मोह टाळलेला बरा. त्यातील बुरशीचे सूक्ष्म कण श्वासावाटे फुप्फुसांत जातात आणि पक्ष्यांना, विशेषतः पिल्लांना, श्वसनाचा जीवघेणा रोग होतो. चोच उघडी ठेवून धापा टाकणारी पिल्ले पाहिल्यावर औषध शोधण्यात फारसा अर्थ उरत नाही. गुरे असलेल्या घरात चांगला पेंढा बदकांखाली घालणे तसे महागच; तो अंडी घालण्याच्या खोक्यांपुरता राखून ठेवावा. तीन माद्यांमागे ३० सेंटीमीटर लांब, ३० सेंटीमीटर रुंद आणि ४५ सेंटीमीटर खोल असे एक खोके पुरते.

*शेंगांची टरफले* भुईमूग पिकवणाऱ्या भागांत मुबलक असतात आणि कोंबड्यांखाली सर्रास वापरली जातात. बदकांच्या बाबतीत मात्र येथे थांबून विचार केला पाहिजे. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अज्ञात रोगाने मेले. बदकांची पिल्लेही दगावली. शोध घेता घेता कारण ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत सापडले. पेंडीवर वाढलेल्या बुरशीने एक विष निर्माण केले होते. त्या विषाला पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. बदकाचे पिल्लू या विषाला इतके लवकर बळी पडते, की प्रयोगशाळांत विषाची परीक्षा करण्यासाठी एक दिवसाची बदकपिल्लेच वापरली जात. टरफले म्हणजे पेंड नव्हे, हे खरे. पण टरफलांत किडके, बुरशी आलेले दाणे अडकून राहतात आणि बदक खालच्या गादीत सतत चोच घालत असते. कडकडीत वाळलेली, दाणे नसलेली टरफले उन्हाळ्यात चालतील. पावसाळ्यात ती न वापरणे शहाणपणाचे. पिल्लांखाली तर मुळीच नकोत.

*उसाचे चिपाड* याच कारणाने मागे पडते. त्यात उरलेली साखर ओल लागताच आंबते आणि त्यावर बुरशी फार लवकर चढते.

केरळात नारळाच्या सोडणापासून काथ्या काढताना तपकिरी चुरा उरतो. हा *काथ्याचा भुसा* आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवतो. हा त्याचा गुण आणि हाच दोष. एकट्याने अंथरला तर तो पाणी सोडत नाही आणि गादी दमट राहते. तुसात एक चतुर्थांश मिसळला तर जेथे पाणी सांडते त्या कोपऱ्यांसाठी फार उपयोगी पडतो. कोकणातही जेथे काथ्याचे काम चालते तेथे तो मिळू शकतो.

*वाळू* उन्हाळ्यात थंड राहते, निथळते आणि दाताळ्याने साफ करता येते. पण ती ओल शोषत नाही, तिचे खत होत नाही, आणि पावसाळ्यात खालची जमीन ओली झाली की तीही ओलीच राहते. *वाळलेला पाला* – आंब्याचा, फणसाचा, सागाचा – फुकट मिळतो. तो आठवड्यात दबून जातो आणि पुन्हा भरावा लागतो. ज्याच्या अंगणात झाडे आहेत व हाताशी वेळ आहे त्याने तो अवश्य वापरावा. श्रम वाचवणे हा हेतू असेल तर तो उपयोगाचा नाही. जुनी वर्तमानपत्रे गुळगुळीत असतात, पिल्लांचे पाय त्यांवर फाकतात. पिल्लांसाठी पहिले काही दिवस तुसावर गोणपाट अंथरावे, म्हणजे ती तूस गिळत नाहीत आणि पायांना पकडही मिळते.

एवढे पाहिल्यावर परसातील दहा बदकांसाठी निर्णय फारसा अवघड राहत नाही: जमिनीवर तुसाचा जाड थर, मिळाल्यास त्यात सालपटे किंवा भुसा, आणि खोक्यांत कापलेला पेंढा. थर किती, याचाही हिशेब करता येतो. रात्रीच्या निवाऱ्यात एका बदकाला तीन चौरस फूट जागा धरली, तर दहा बदकांना तीस चौरस फूट लागतात. सहा इंच जाडीच्या थरासाठी पंधरा घनफूट तूस हवे. मोकळे तूस घनमीटरला साधारण १०० किलो भरते. पंधरा घनफुटांचे वजन त्यामानाने ४० ते ४५ किलो होईल.

गादीविना घर

काही ठिकाणी लोकांनी हा प्रश्नच टाळला आहे. पश्चिम बंगाल, आसाम या राज्यांत तळ्यावर किंवा तळ्याच्या काठावर बांबूच्या पट्ट्यांची जमीन असलेली बदकांची घरे बांधतात. पट्ट्यांमधील फटींतून विष्ठा खाली पाण्यात पडते, पाण्यातील सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि त्यांवर मासे पोसले जातात. मत्स्यपालनाबरोबर बदके ठेवताना एक हेक्टर तळ्यामागे २०० ते ३०० बदके पुरेशी मानतात. फटी फार रुंद असल्या तर पाय अडकतो आणि बांबूची धार तासलेली नसली तर पावलांना जखमा होतात, एवढीच काळजी.

केरळातील कुट्टनाडमध्ये, जेथे शेते समुद्रसपाटीहून खाली आहेत, कापणीनंतर बदकांचे मोठे कळप एका खाचरातून दुसऱ्या खाचरात नेले जातात. रात्री शेतातच जाळी लावून त्यांना कोंडतात. गादी नाही, घर नाही. विष्ठा शेताला मिळते आणि जागा बदलत राहते. ही व्यवस्था सुंदर आहे, पण ती फिरत्या कळपाची आहे. ज्याची दहा बदके वर्षभर एकाच कोपऱ्यात राहणार, त्याला गादीवाचून गत्यंतर नाही.

गादीची वर्षभराची निगा

गादीला अल्प निगा लागते, परंतु मुळीच लागत नाही असे नाही. बदक उकरत नाही, म्हणून उकरण्याचे काम माणसाने करावे. दिवसाआड सकाळी बदके बाहेर गेल्यावर दाताळ्याने वरचा थर उलटावा. दहा बदकांच्या खुराड्याला पाच मिनिटे पुरतात. ओला झालेला कोपरा उचलून बाहेर टाकावा आणि तेथे दोन टोपल्या कोरडे तूस घालावे. सगळ्या गादीवर आठवड्यातून एकदा पातळ थर वाढवावा.

ओल पारखण्याची साधी रीत म्हणजे मूठ. मधल्या थरातील मूठभर साहित्य दाबून मूठ उघडावी. गोळा किंचित बनून लगेच सुटला तर गादी ठीक आहे. गोळा तसाच राहिला तर कोरडे साहित्य घालण्याची वेळ झाली. पाणी टिपकले तर तो भाग काढूनच टाकावा. आणि मुळीच न जमता धूळ उडाली, तर गादी वाजवीपेक्षा कोरडी आहे. वासाची परीक्षा उभ्याने करू नये. बदकाचे डोके जमिनीपासून जेमतेम फूट-दीड फुटावर असते. तेवढ्या उंचीवर वाकून श्वास घ्यावा. डोळे चुरचुरले तर बदके रात्रभर तोच अमोनिया वायू हुंगत आहेत, असे समजावे. रोज तेथे वावरणाऱ्याच्या नाकाला त्या वासाची सवय होते. म्हणून अधूनमधून घरातील दुसऱ्या कोणाला वाकून पाहण्यास सांगावे.

गादी ओली झाली की तीवर चुना भुरभुरण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. चुन्याने अमोनिया अधिकच मोकळा होतो, आणि कळीचा चुना ओल्या पावलांना भाजतो. चुना लावायचाच तर सगळी गादी काढल्यानंतर रिकाम्या जमिनीला लावावा, ती पूर्ण वाळू द्यावी आणि मगच नवे तूस पसरावे.

संपूर्ण गादी वर्षातून दोनदा बदलली तरी भागते. पहिल्यांदा मे महिन्याच्या अखेरीस, मृगाच्या पावसाआधी. दुसऱ्यांदा दिवाळीच्या सुमारास, भात झोडून झाल्यावर, जेव्हा नवे तूस गिरण्यांत येऊ लागते. पावसाळ्यात कोरडे तूस मिळत नाही, हे लक्षात ठेवून चार महिन्यांचा साठा मे महिन्यातच पोत्यांत भरून फळ्यांवर रचून ठेवावा. भिंतीला टेकवलेली पोती ओल ओढतात.

काढलेली गादी ताजी असताना भाजीच्या वाफ्यात घालू नये. ती मुळांना पोळते. सावलीत ढीग रचून, अधूनमधून उलटून, दोन-तीन महिने कुजू द्यावी. तूस सावकाश कुजते, म्हणून ढिगात ओला पाला व शेण मिसळावे.

गादी उपसताना नाकातोंडावर फडके बांधावे आणि नंतर साबणाने हात धुवावेत. ही केवळ स्वच्छतेची बाब नाही. फेब्रुवारी २००६मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्यांत बर्ड फ्लूचा उद्रेक झाला. भारतातील तो पहिला उद्रेक होता. २०१४च्या अखेरीस कुट्टनाडमध्ये बदकांतही हा रोग आढळला. बदकांच्या शरीरात याचा विषाणू काही वेळा कोणतेही लक्षण न दाखवता राहतो आणि विष्ठेतून बाहेर पडतो. एकाएकी अनेक पक्षी मेले तर गादीला हात न लावता, मेलेले पक्षी न हलवता, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे.

पाठगत प्रश्न – २

१. गिरणीवाल्याकडून ‘तूस’ आणावयाचे असता ‘कोंडा’ आणला तर काय होईल?
२. शेंगांची टरफले बदकांच्या पिल्लांखाली का घालू नयेत?
३. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला, तर काय करावे?

शब्दार्थ

सोडण – नारळावरील तंतुमय आवरण. वळचण – भिंतीबाहेर आलेला छपराचा खालचा भाग. पागोळ्या – वळचणीवरून गळणाऱ्या पाण्याच्या धारा. उडवी – पेंढ्याची किंवा कडब्याची रचलेली गंज. दाताळे – दात असलेले, गवत-पाला ओढण्याचे अवजार.

स्वाध्याय

१. ‘कोंबडी उकरते, बदक तुडवते’ या विधानाचा गादीच्या निगेशी असलेला संबंध आठ-दहा ओळींत स्पष्ट करा.

२. एका कुटुंबाकडे सहा बदके आहेत. प्रत्येकी तीन चौरस फूट जागा व चार इंच जाडीची गादी धरल्यास किती घनफूट तूस लागेल?

३. तुम्ही राहता त्या गावात किंवा शहरात गादीसाठी कोणकोणते साहित्य मिळते, त्याची स्थानिक नावे कोणती व ते वर्षाच्या कोणत्या महिन्यात स्वस्त असते, याची चौकशी करून टिपण तयार करा. मराठीखेरीज अन्य भाषेच्या प्रदेशात राहत असल्यास त्या भाषेतील नावेही लिहा.

४. ‘कोंड्याचा मांडा करणे’ व ‘अंथरूण पाहून पाय पसरणे’ यांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.

५. शेजारच्या कुटुंबाने पावसाळ्यात खुराड्याच्या वासाला कंटाळून बदके विकण्याचे ठरवले आहे. त्यांना सल्ला देणारे पत्र लिहा. पत्रात प्रथम कोणती गोष्ट पाहावयास सांगाल?